दारवाल्याचं पत्र

दादा,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानायला आलो असतो तर 'आधी केबल गुंडाळ' म्हणून तुम्ही पिटाळलं असतं. म्हणून हे उघड पत्र.

नाट्यशिक्षणाच्या पहिल्या वर्षी मला भूमिका मिळाली नाही आणि तोंड पाडून मी तुमच्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, आलो. काम काय, तर इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) नाटकात नोरा नवऱ्याला, हेल्मरला, सोडून जाते तेव्हाचं शेवटचं दार वाजवायचं. दोन फळ्या, एक कडी. यात शिकण्यासारखं काय असणार!

रंगीत तालमीत नोरा विंगेत आली रे आली, मी दार आपटलं. हेल्मरची शेवटची वाक्यं घशातच राहिली. तुम्ही रागावला नाहीत. संहिता हातात दिलीत आणि म्हणालात, "संवाद सोड. फक्त कंसातलं वाच."

तेव्हा दिसलं. नोरा गेल्यावर हेल्मर खुर्चीत कोसळतो, तिला हाका मारतो, उठून रिकामी खोली बघतो. मग त्याच्या मनात कुठंतरी आशा जागी होते आणि नेमकं तेव्हाच खालून दार लागल्याचा आवाज येतो. मी घाईघाईत त्या बिचाऱ्याची आशाच खाऊन टाकली होती. नाटक संपतं ते संवादावर नाही, कंसातल्या रंगसूचनेवर. १८८० साली जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला स्वतःच नोरा घर सोडत नाही असा शेवट लिहून द्यावा लागला, हेही तुम्हीच सांगितलंत. वर पुस्ती जोडलीत, "म्हणजे तिथला दारवाला बेकार!"

त्यानंतर मी सगळीच नाटकं तशी वाचू लागलो. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चे (पहिला प्रयोग पॅरिस, १९५३) दोन्ही अंक 'चला, जाऊया' अशा बोलण्यावर संपतात आणि खाली कंस म्हणतो, ते हलत नाहीत. वर्गात आम्ही यावर तासभर तत्त्वज्ञान झोडलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मग दिवे कधी घालवायचे?" त्या प्रश्नाला मी आठवडाभर चिकटून होतो.

'हॅम्लेट' तर तुम्ही उलट्या बाजूनं शिकवलंत. शेक्सपिअरकडे दिवे मंद करणारा डिमर नव्हता. उघड्या नाट्यगृहात, भर दुपारी प्रयोग. म्हणून पहारेकरी पहिल्याच ओळीत 'कोण आहे?' असं विचारतो, मग बाराचे ठोके आणि थंडी यांचा उल्लेख येतो. प्रेक्षकांच्या डोक्यावर ऊन आणि कानात मध्यरात्र. त्याची प्रकाशयोजना संवादातच होती.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. 'ब्लॅकआउट (सगळे दिवे घालवून अंधार करणं) म्हणजे दिग्दर्शकाचा आळस' हे तुमचं मत मला पटत नाही. कधीकधी तो आळसच असतो, हे मान्य.

यंदा मला मोठी भूमिका मिळालीय. संहिता हातात आली तेव्हा स्वतःचे संवाद रंगवण्याआधी मी सगळ्या कंसांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. प्रयोगाला या. पहिल्या रांगेत बसणार नाही म्हणाल, तर प्रकाशयोजनेच्या बूथमध्ये उभे राहा.

तुमचा,
दारवाला