माळ पेटवू नका, तो आमचा चारा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा झाली, कावडी मुंगी घाट चढून गेल्या आणि आमच्या माण तालुक्याच्या उन्हाळ्याच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागल्या. टँकर कुठं सुरू झाला, कुठल्या वाडीचा प्रस्ताव अडला, कुठली विहीर तळाला गेली. या बातम्या यायलाच हव्यात. पण याच दिवसांत आमच्या डोळ्यांदेखत होणारं एक नुकसान कधी छापून आलेलं मी पाहिलं नाही. आमच्याकडं गवताचे माळ पेटवतात. दर वर्षी.

शिवरात्र सरली की सुरू होतं. कुणी बांध साफ करायला काडी लावतो, दुपारचं वारं सुटतं आणि जाळ बांधावरून माळावर जातो. कुणी मुद्दाम लावतो, कुणी सशाच्या मागं लावतो. रात्री डोंगराच्या कडेनं लाल रेघ दिसते आणि सकाळी अंगणात काळी राख पडलेली असते.

सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात आमची सरासरी साडेचारशे-पाचशे मिलिमीटरची, आणि त्यातला मोठा वाटा उत्तरा-हस्ताचा. त्या पावसावर माळाला गवत येतं, पौषात वाळतं आणि उभंच राहतं. तीच आमची कडब्याची दुसरी गंज. माझ्याकडं दोन गाई, एक खिलार कालवड आणि शेळ्या आहेत. ज्वारीचा कडबा फाल्गुनातच संपत येतो. शेळ्या सध्या बाभळीच्या शेंगांवर आणि कडुलिंबाच्या पाल्यावर आहेत, पण गाईंना गवतच लागतं. विकतचा कडबा शेकड्यानं घ्यायचा म्हटलं तर भाव ऐकूनच माणूस मागं फिरतो. २०१३ च्या दुष्काळात आमची जनावरं म्हसवडकडच्या चारा छावणीत होती. ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, खाऊन त्यांनी दिवस काढले. शेणाच्या आणि धुरळ्याच्या वासात पाचटाच्या खोपीत आम्हीही राहिलो. तो उन्हाळा ज्यानं काढला त्यानं वाळल्या गवताला काडी लावावी, हे मला अजून समजत नाही.

पेटवणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे, आणि त्यात काहीच नाही असं नाही. कुसळ नावाचं गवत फार झालंय, त्याचं काटेरी बी मेंढरांच्या लोकरीत अडकतं, कातड्यात घुसतं, जखमा होतात. माझे सासरे मेंढकेच होते. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन खाली जायचे, मृगाला परत यायचे. कुसळं काढताना मेंढरू कसं तडफडतं ते मी पाहिलंय. पण जाळल्यानं कुसळ कमी होत नाही, वाढतं. त्याच्या बीला टोकाला काटा असतो आणि मागं लांब पिळाचं शेपूट. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. असं करत करत बी आपणहून जमिनीत शिरतं. जाळ वरून निघून जातो, बी खाली सुखरूप राहतं. पुढच्या पावसाला सगळ्यात आधी तेच उगवतं. पवना आणि मारवेल ही गवतं, जी जनावरं आवडीनं खातात, ती दरसालच्या जाळात मागं पडतात. आमच्या डोंगराच्या ज्या अंगाला नेहमी आग लागते तिथं आज निव्वळ कुसळ आहे. ओढ्यापलीकडचा तुकडा त्याच्या मालकानं कधी पेटू दिला नाही, तिथं अजून पवना गुडघाभर होतो.

कुसळावर उपाय आहे. फुलोऱ्यात, बी धरायच्या आधी, म्हणजे भाद्रपद-आश्विनात ते कापायचं. तेव्हा ते कोवळं असतं, गुरं खातात. त्या वेळी कापलं तर काटाही नाही आणि वैरणही घरात. कष्ट आहेत, मान्य आहे. पण छावणीतल्या खोपीपेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट पाणी मुरवायच्या चरांची. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी आमच्या तालुक्यानं डोंगर खणून काढले. २०१८ साली टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर आणला तेव्हा सगळ्या माणला आपलाच नंबर आल्यासारखं वाटलं. ऐन उन्हात बायका टिकाव-पाटी घेऊन डोंगरावर जात होत्या, मीही गेले होते. त्या चरांच्या वरचा उतार जळला की माती धरायला काही उरत नाही. वळीव येतो तो कसा येतो ते ठाऊक आहेच: दुपारी वावटळी, तिसऱ्या प्रहरी ढग, मग अर्धा तास मोठ्या थेंबांचा मारा. उघड्या उतारावरून राख आणि माती पहिल्याच पावसात चरात येते. गावानं घाम गाळून खणलेले चर असेच बुजत चाललेत.

आणि पाखरं. हे दिवस त्यांच्या अंड्यांचे. गवताच्या बुडाशी तित्तर बसतं, चंडोलाची वाटी असते. टिटवी उघड्यावर खड्यांतच अंडी घालते. टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. खोकडाची पिल्लं याच सुमाराला बिळाबाहेर येतात. जळलेल्या माळावरून चालताना जे दिसतं ते मी इथं लिहीत नाही.

राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम, त्यासाठी ते जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढतात. पण आमचा पुष्कळसा माळ गायरान आहे नाहीतर खासगी पड. तिथं ना जाळरेषा, ना विचारणारं कुणी.

माझी मागणी अशी. १ मे च्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं हा विषय घ्यावा. या हंगामात उरलेलं गवत वाचवायचं असेल तर बांध पेटवण्याला वळीव पडेपर्यंत बंदी करावी, आणि आग दिसली की पोलीस पाटलांना कळवायची जबाबदारी वस्तीवस्तीवर नेमून द्यावी. पुढच्या पौषात गायरानाभोवतीचं गवत पट्ट्यानं कापून घ्यावं. हे काम रोजगार हमीत बसतं का, ते तहसीलदारांनी स्पष्ट सांगावं. बसत असेल तर बायका कामाला तयार आहेत. कापलेली वैरण ज्यांना जमीन नाही त्यांना आधी मिळावी, कारण माळ जळतो तेव्हा पहिली उपासमार त्यांच्या शेळ्यांची होते.

आणि आपल्याला विनंती, की टँकरांचा आकडा छापता तसा कुठल्या गावाचा किती माळ जळाला तेही छापा. आपले वार्ताहर तालुकाभर फिरतात, त्यांना ते रस्त्यावरूनच दिसेल.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. माण, जि. सातारा