समुद्र लहरी नाही

प्रिय चिरंजीव,

सुट्टीतल्या प्रवासात तू लिहितो आहेस त्या वहीच्या पानांचे फोटो मिळाले. काही आडवे, काही उलटे, एकावर तुझा अंगठा आणि त्याच्याखाली दडलेल्या ओळी. तरी सगळं वाचलं. रात्री बाबा झोपल्यावर एकदा आणि सकाळी परत. शेवटी तू विचारलं आहेस, "कसं झालंय? खरं सांग." फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाच. दादाला दाखवू नकोस, त्याचाही विषय यात येणार आहे.

खरं सांगायचं तर अर्धं लिखाण मला आवडलं नाही. पहिल्याच पानावर "प्रवास माणसाला समृद्ध करतो" असं वाक्य आहे. वर तूच टाकलेल्या वेळेप्रमाणे गाडी तेव्हा फलाटावरून हललीही नव्हती. इतक्यात कोण समृद्ध झालं? पुढे "आयुष्य हाही एक प्रवासच आहे" आलं तेव्हा मी वही मिटून ठेवली असती, पण फोटो मिटता येत नाही. असली वाक्यं लिहायला घराबाहेर पडावं लागत नाही. निबंधाच्या पेपरात ती खपतात, त्यांना गुणही मिळतात, आणि तीच सवय तुझ्या हाताला लागली आहे. सुट्टीत त्यांनाही सुट्टी दे की.

आणि त्याच पानाच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, हे काय आहे? वरच्या बर्थवरचे काका रात्रभर फोनवर कुणाला तरी "मी तुला माफ केलं" असं सांगत होते, प्रत्येक वेळी त्यांचा आवाज चढत होता, आणि तू झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतास. कुणाला माफ केलं, कशाबद्दल, काही पत्ता लागत नाही. तरी तो माणूस मला दिसला. त्याला समासात का कोंबलास? त्याला पानाच्या मधोमध बसव आणि आयुष्याच्या प्रवासाला समासात पाठव.

रुळांबद्दलचं तुझं टिपण मात्र झकास आहे. मामा म्हणतो, पूर्वी गाडी एका तालात खडखडायची, त्या तालावर झोप लागायची. आणि तू कान देऊन बसलास तर तो ताल तुला बऱ्याच अंतरापर्यंत सापडलाच नाही, मग स्टेशन जवळ आल्यावर अचानक ऐकू आला. "असं का?" एवढंच लिहून तू थांबलास. हा प्रश्न पुढे न्यायला हवा होता. मलाही उत्तर माहीत नव्हतं, मी वाचून काढलं. ऊन लागलं की पोलाद वाढतं. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा पडलेला असेल आणि तो ३० अंशांनी तापला, तर त्याची लांबी साधारण ३५ सेंटिमीटरनं वाढेल. म्हणून पूर्वी रुळांचे तुकडे जोडताना मध्ये फट सोडत, आणि चाक प्रत्येक फटीवरून जाताना आवाज करी. तोच मामाचा ताल. आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात आणि रुळांखालचे आडवे स्लीपर व खडी यांच्या जोरावर असे जखडून ठेवतात की वाढायचं म्हटलं तरी वाढता येत नाही; तो सगळा ताण पोलादाच्या आतच राहतो. स्टेशनाजवळ जिथे रूळ बदलतात, तिथे सांधे येतात, आणि चाकं पुन्हा बोलू लागतात. तुझ्या कानांनी बरोबर पकडलं होतं. तू तिथेच थांबायला नको होतंस, एवढंच.

आता समुद्राचं पान. याच्यावर माझा खरा राग आहे, कारण ते थोडक्यात हुकलं. तू लिहितोस की पहिल्या संध्याकाळी तू आणि दादा ज्या काळ्या खडकावर बसला होतात, तो दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जास्त उघडा होता, आणि तिसऱ्या दिवशी तर तुम्ही त्याच्या पलीकडे चालत गेलात. तीन दिवस एकच खडक, एकच वेळ, तीन वेगळ्या पातळ्या. अरे, याला निरीक्षण म्हणतात! आणि मग पुढची ओळ काय? "समुद्रही माणसाच्या मनासारखा लहरी असतो."

समुद्र लहरी नाही रे. त्याच्याइतकं वेळेचं पक्कं आपल्या घरात कुणी नाही, मी धरून. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याच्यासमोर परत यायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. म्हणून आजची भरती उद्या तेवढी उशिरा. तुम्ही रोज त्याच वेळी जात होतात. पाणी आपल्या वेळेनं येत होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे मच्छीमार हे घड्याळ न बघता सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दिवसाला पाऊण तास धरला की ५० मिनिटांच्या किती जवळ गेलं बघ. हा हिशेब सगळ्या किनाऱ्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण किनाऱ्याच्या आणि तळाच्या आकाराप्रमाणे पाणी कुठे लवकर चढतं, कुठे उशिरा. पण रोजचं पुढे सरकणं सगळीकडे असतं.

तू त्या खडकाशेजारी वेळ आणि तिथी लिहिली असतीस, तर हा नियम तुला तुझा तू सापडला असता. कदाचित पाच दिवस लागले असते. "माणसाचं मन" आडवं आलं आणि तू शोधायचं थांबलास. एखादी गोष्ट "लहरी" आहे म्हटलं की तिच्याकडे बघायची जबाबदारी संपते, म्हणून हा शब्द मला धोक्याचा वाटतो. (माणसांनाही तो जपून लाव. विशेषतः मामीला.)

वेळ आणि जागा लिहिण्याबद्दल मी इतकी का कुरकुरते, त्यालाही कारण आहे. चार्ल्स डार्विन १८३१ साली बीगल जहाजावर चढला तेव्हा २२ वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून फार मोठा नव्हे. १८३५ मध्ये तो गालापागोस बेटांवर पोहोचला. तिथे त्यानं लहान लहान पक्षी जमवले, पण कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हे त्यातल्या बऱ्याच पक्ष्यांवर लिहिलंच नाही. बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात, त्यांच्यावरचे पक्षी वेगळे कशाला असतील, असं त्याला वाटलं. बेटांचा तिथला अधिकारी तर सांगत होता की कासव बघून मी त्याचं बेट ओळखतो. तेही त्यानं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. परत आल्यावर, १८३७ मध्ये, जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं ते पक्षी तपासून सांगितलं की या वेगवेगळ्या जाती आहेत. मग डार्विनची धावपळ. जहाजाच्या कप्तानानं आणि इतरांनी जमवलेल्या पक्ष्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून त्याला बेटांचा मेळ लावावा लागला. मोठा विचार त्याला सुचायला पुढे अवकाश होता, तो सुचलाही. चिठ्ठी मात्र त्या क्षणीच लिहायची असते. ती नंतर सुचत नाही.

फोन प्रत्येक फोटोवर वेळ आणि जागा टाकतो, मग मी कशाला लिहू, असं तू म्हणशीलच. टाकतो खरा. पण तू पाठवलेल्या फोटोंत एका कुलूपबंद हिरव्या दाराचा फोटो आहे, त्याची वेळ, जागा, सगळं आहे. तू तो का काढलास? आताच लिही, महिन्याभरानं तुलाही सांगता येणार नाही.

मंगळवारच्या पानावर फक्त एवढंच आहे: "आज काहीच घडलं नाही. रेंज नाही." वाचून मी बरं म्हटलं, पोराला एक दिवस तरी कंटाळा आला. कंटाळा आल्याशिवाय माणूस इकडेतिकडे बघायला लागत नाही. पण संध्याकाळी मामीचा फोन आला आणि तिनं वेगळीच हकिगत सांगितली. साडेबारा वाजून गेल्यावर तू अंगणात उन्हात उभा राहून गोल गोल फिरत होतास, आणि विचारलं तर म्हणालास, "माझी सावली सापडत नाहीये." ती चपलांच्या आसपास कुठेतरी होती म्हणे. मामीला वाटलं तुला ऊन लागलं.

अरे, कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा भर माथ्यावर येतो, हे तू भूगोलात पाठ केलं होतंस. त्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला जन्मभर आपल्या गावात हे दिसत नाही. आणि तो बाराच्या ठोक्याला येत नाही, कारण घड्याळ आपण देशभर एकच लावलं आहे आणि सूर्य प्रत्येक गावात आपल्या वेळेनं माथ्यावर येतो. पुस्तकातला तो सूर्य तुझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला, तू त्याला शोधलंस, आणि वहीत लिहिलंस काय, तर काहीच घडलं नाही!

मी यावर विचार करत होते, की सावली का लिहिली नाहीस. मला वाटतं, ती तुला मला दाखवण्याजोगी वाटली नाही. आईला दाखवायचं आहे हे डोक्यात ठेवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते. तिच्यात तू फार शहाणा असतोस. सूर्योदयाला उठतोस, निसर्गाबद्दल कृतज्ञ असतोस, दादाशी तुझं एकदाही वाजत नाही. मग शुक्रवारच्या पानावर पेनानं खोडून खोडून कागद फाटेपर्यंत काळं केलेलं ते काय आहे? मला सांगू नकोस. मी विचारत नाहीये. फक्त खोडू नकोस. राग आला होता तर राग लिही, दादा काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिही, तू काय म्हणालास तेही, आणि ते पान मला पाठवू नकोस. यापुढे सगळी पानं पाठवायचीच नाहीत, असंच ठरवू या. तुला वाटेल ती पाठव. वही घरी आल्यावर कुठे ठेवायची ते तुझं तू बघ, मी कपाट आवरताना त्या कप्प्याला हात लावणार नाही. बाबांनाही सांगून ठेवते.

माझी काळजी हा वेगळा विषय आहे. तू "पोहोचलो" लिहीपर्यंत माझं लक्ष कशात लागत नाही, हे तुला हास्यास्पद वाटतं. वाटू दे. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या तेव्हा नुकत्या १८ वर्षांच्या झाल्या होत्या. नवरा बरोबर नव्हता, आणि न्यूयॉर्कला पोहोचायला जून उजाडला. मागे राहिलेल्यांना ख्यालीखुशाली कळायची ती पत्रानं, आणि ते पत्र पुन्हा तोच समुद्र ओलांडून यायचं. त्या माणसांनी ते आठवडे कसे काढले असतील? माझा जीव तुझ्या दोन निळ्या खुणांवर टांगलेला असतो. तेव्हा पोहोचल्यावर एक शब्द टाकत जा. पानं नाही पाठवलीस तरी चालेल, तो शब्द हवा.

परवा तुम्ही डोंगरावर जाणार आहात. स्वेटर नको म्हणून तू मामीशी वाद घातलास असं कळलं. उन्हाळ्यात स्वेटर कशाला, आणि वर गेलं की आपण सूर्याच्या जवळच जातो, हा तुझा मुद्दा. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे बाबा, तुझ्या डोंगरानं त्याला काय फरक पडतो! हवा तापते ती मुख्यतः खालच्या जमिनीमुळे, आणि वर चढणारी हवा पसरते तशी निवत जाते. सरासरी धरली तर एक किलोमीटर उंचीला साडेसहा अंश कमी. पायथ्याशी आणि माथ्यावर दोन्हीकडे तापमान बघ, किती वाजता बघितलंस ते लिही, आणि गणित जुळतं का तपास. ढग असतील तर जुळणार नाही कदाचित. मग का जुळलं नाही, ते शोध. स्वेटर मामीच्या पिशवीत आहे, तिला मागितलास तर ती काही बोलणार नाही, असं तिनं मला कबूल केलं आहे.

तुझी,
आई

ता. क. – शिकवणीचं नवं वेळापत्रक आलं आहे. तू येईपर्यंत ते मी उघडलेलं नाही असं धरून चाल.