किल्ली आईच्या पर्समध्ये

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

मावशीच्या नातवाचं रिसेप्शन बायपासवरच्या मॅरेज गार्डनमध्ये आहे, हे आईने सांगितल्यापासून मनात एकच घोळतंय. बाबा, मागच्या बाजूला दारूचं टेबल लागणार, मामा आग्रह करणार आणि साडेअकराला तुम्ही स्टिअरिंगवर बसून लोकमान्य नगरला निघणार. फोनवर हा विषय अर्धवटच राहतो, म्हणून लिहिते.

"दोनच घेतो, मला चढत नाही," असं तुम्ही म्हणता. पण कायदा रक्त बघतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. 60 मिलीच्या मोठ्या पेगात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. 65 किलोच्या माणसाने तो रिकाम्या पोटी घेतला तर आकडा 40 च्या पुढे जाऊ शकतो. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं आणि तेवढीच दारू जास्त चढते. शिवाय पेग मोजून कोण भरतं? तुमच्या नेहमीच्या ग्लासात सवयीने ओतता तेवढं पाणी ओता आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून बघा.

न चढल्यासारखं वाटणं हाच खरा धोका आहे. शेवटचा घोट घेतल्यावर रक्तातलं प्रमाण आणखी अर्धा-एक तास वाढत राहतं. गार्डनच्या गेटवर तुम्ही ठीक असता, ट्रकच्या रांगेत शिरता तेव्हा नसता. आणि आपण ठीक आहोत का, हे ठरवणारी शक्तीच सगळ्यात आधी मंदावते. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेलेच. हळू चालवून हे भरून निघत नाही, कारण बायपासला मागून येणारा हळू नसतो.

कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर गार पाणी, यांनी काही उतरत नाही. यकृत तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅमच कमी करतं, त्याला घाई करता येत नाही. वेलची-पानानेही पोलिसांचं श्वास तपासायचं मशीन फसत नाही, फुंकर फुप्फुसातून येते. नऊ ते बारा बसून चार मोठे पेग घेणारा सकाळी सहालाही मर्यादेच्या वर असू शकतो. म्हणून पाहुण्यांना पहाटे स्टेशनवर सोडायला रात्री प्यायलेल्यांपैकी कोणाला पाठवू नका.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांच्या शुगरच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, म्हणजे शुगर खाली आणणारं औषध. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, त्यामुळे काही तासांनी शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, बोलणं अडखळणं. बघणाऱ्याला वाटतं जास्त झाली, झोपू द्या. झोपू देऊ नकोस. आधी ग्लुकोमीटर लाव. शुगर 70 च्या खाली असेल आणि बाबांना गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात दे, पंधरा मिनिटांनी परत तपास. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नकोस, 108 ला फोन कर.

दंडाचं थोडक्यात: पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. समोरच्याची भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करू शकते. प्यायलेल्याला किल्ली दिली तर देणाराही अडकू शकतो, हे मामांनाही सांगा.

तेव्हा गार्डनमध्ये शिरतानाच, पहिला ग्लास हातात येण्याआधी, किल्ली आईच्या पर्समध्ये जाऊ द्या. आईचा हात गाडीवर चांगला बसलाय. तिला रात्रीचं नको वाटलं तर त्या रात्रीपुरता ड्रायव्हर आधीच ठरवा, पैसे मी पाठवते. मामा "मी सोडतो" म्हणाले आणि त्यांनी घेतलेली असली तरी बसू नका. चारचौघांत कारण द्यायचं असेल तर "गोळ्या चालू आहेत" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे.

आईचा दूरचा चष्मा आजच गाडीच्या खणात ठेवून द्या.

तुमची,
ताई