काका, तुम्ही आधी विचारलंत

काका, नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागले तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "एवढ्याशा बोल्टाचं काय घेऊन बसलात, ताई," म्हणालात, अवजारांची पिशवी खांद्याला लावलीत आणि निघालात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला मला गप्प करता येणार नाही.

तुमच्या लेखी तो एवढासा बोल्ट असेल. माझं मात्र सगळं काम त्याच्यापाशी अडलं होतं. लोकांच्या बागा राखून मी पोट भरते आणि ऐन पावसाळ्यात, गवत हां हां म्हणता गुडघ्याला लागतं तेव्हा, माझं गवत कापायचं मशीन आडवं पडलं होतं. पात्याला धार उरली नव्हती. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. मग शेंडे फाटतात आणि सगळी हिरवळ वरून पिवळट दिसायला लागते. धार लावायची तर पातं काढायला हवं आणि पातं काढायचं तर मधला बोल्ट सुटायला हवा. तो काही केल्या सुटेना.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. नाव घेत नाही. मशीन मी नेलं, काय झालंय ते मी सांगत होते आणि तो माणूस माझ्या मागे बघत होता, कुणी पुरुष सोबत आलाय का म्हणून. मी सांगितलं की पातं जमिनीत लपलेल्या दगडावर आपटलं होतं आणि तेव्हापासून बोल्ट हलत नाही. त्याने ते ऐकलंसुद्धा नाही. मशीन धाडकन आडवं केलं, तेही एअर फिल्टर खाली येईल अशा बाजूने. सगळं तेल फिल्टरमध्ये उतरलं. बोल्टवर बारा कोनांचं ढिलं सॉकेट, म्हणजे डोक्यावर बसणारी पान्याची वाटी, चढवलं आणि झटके देऊन बोल्ट फिरवणारी इम्पॅक्ट गन लावली. नाही सुटला, तर म्हणाला, "याला उलटे आटे असणार," आणि गन उलटी फिरवली. काही मशीनांना उलटे आटे असतात, हे खरं आहे. माझ्या मशीनला नाहीत, आणि तेच मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते. आधीच आवळलेला बोल्ट त्याने आणखी आवळला. डोक्याचे कोपरे झिजून गोल झाल्यावर हात झटकले आणि वर मलाच ऐकवलं, "बाईमाणसाने कशाला या भानगडीत पडावं? नवीन घ्या." अजून आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या ठिकाणी तर बोल्ट बघून नुसते हसले.

आणि मग तुम्ही आलात. मशीन अंगणात होतं. तुम्ही त्याच्याजवळ उकिडवे बसलात, चष्मा वर सरकवलात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर तसेच ठेवून मला विचारलंत, "ताई, हात लावू का?"

काका, तुम्हाला हे बोललेलं आठवतही नसेल. तुमच्या सवयीचं असेल ते. पण मी क्षणभर उत्तरच दिलं नाही, कारण घशात काहीतरी अडकलं होतं. एकाने त्या मशीनला सरळ हात घातला, गन मारली, दुसरे नुसते हसले. हे कुणाचं आहे आणि ती बाई इथेच उभी आहे, हे एकालाही सुचलं नव्हतं. तुम्ही सुटकेला आलेला माणूस. न विचारता सुरुवात केली असती तरी मी चकार शब्द काढला नसता. तरीही तुम्ही विचारलंत, आणि मी हो म्हणेपर्यंत हात गुडघ्यांवरून उचलला नाहीत.

पुढचा प्रश्नही तसाच. "पातं कशावर आपटलं होतं का?" मी दगडाचं सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "मग बरोबर आहे तुमचं." आपटल्यावर पातं जागच्या जागी अडतं, पण इंजिनाचा दांडा झोकात पुढे फिरतोच, बोल्टचं डोकं पात्याला धरून राहतं आणि आटे आणखी आवळले जातात. त्यावर ओल्या गवताचा रस आणि गंज. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो आट्यांमध्ये फुगून बसतो. हे तुम्ही मला सांगत होतात, माझ्याकडे बघून, एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं. मी जे सांगत आले होते त्यालाच कारण होतं, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

बाकीचं काम कसं झालं ते सगळं लिहीत बसत नाही, ज्यांना कळतं त्यांना माहीतच आहे. पण काही गोष्टी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सगळ्यात आधी तुम्ही इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधलीत. मशीन कलवताना फिल्टर वर राहील असं कलवलंत. बोल्टचं डोकं फडक्याने पुसून अंगठ्याने एकेक कोपरा चाचपलात, डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसे. मग तेल मारलंत आणि म्हणालात, "आज याला सोडू. रात्रभर मुरू दे." मला घाई होती हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी घाई केली नाहीत. मी विचारलं, गॅसने तापवलं तर? तुम्ही त्यावरही चिडला नाहीत. "तापवल्यावर सुटतात बोल्ट," म्हणालात, "पण याच्या मागेच तेलाचं सील आहे, ते जळेल. आणि टाकीत पेट्रोल आहे. नको."

दुसऱ्या दिवशी कानशीने झिजलेल्या कडा सरळ करायला घेतल्यात. किती सावकाश! दोन घास मारायचे, सॉकेट लावून बघायचं, पुन्हा दोन घास. एक नंबर लहान, सहा कोनांचं सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवलंत, पात्याला लाकडी ठोकळ्याची अडण लावलीत आणि लांब दांड्यावर जोर दिलात. हिसका नाही, एकसारखा जोर. "हिसक्याने इंजिनाचा दांडा वाकला तर इंजिन गेलं," एवढंच बोललात. कट्ट झालं. मला वाटलं, तुटला. तुम्ही हसलात, "सुटला."

मी मोठ्याने रडले, आणि तुम्ही दुसरीकडे बघत कानस पुसत बसलात. त्याबद्दलही आभार.

पैसे घेतले नाहीत. पण जाताना जुना बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, त्याच मापाचा आणि त्याच जातीचा नवाच आणायचा, हे दोनदा बजावलंत. आणलाय. पात्याला धार लावली, दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का ते खिळ्यावर तोलून पाहिलं, पंख्यासारखे वळलेले कान वरच्या बाजूला येतील असं बसवलं. मशीन आता जराही थरथरत नाही.

हातात कसब असलेले खूप भेटतात हो. हातात कसब असून समोरच्याला विचारणारे फार थोडे. मी बागेत काम करते, तिथेही हेच बघते: झाडाच्या मालकिणीला न विचारता फांदी उतरवणारे, आणि वर "तुम्हाला काय कळतंय" म्हणणारे. माझ्या हाताखाली दोन मुली काम शिकताहेत. कुणाच्याही बागेत शिरताना आधी विचारायचं, मग कात्री काढायची, असं मी त्यांना सांगितलंय, आणि हे कुणाकडून शिकले तेही सांगितलंय. तुमच्याबद्दल त्यांना आता पुष्कळ माहीत आहे.

आणि काका, तुमचा तो लांब दांडा माझ्याकडेच राहिलाय. तेलपाणी करून, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रविवारी सकाळी घेऊन येते, घरी असा. आणि तेव्हा मला नीट आभार मानू द्या.

तुमची,
बागवाली ताई