बालकाश्रमाच्या इतिहासातली आई कुठे गेली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पंढरपूरच्या बालकाश्रमाच्या दीडशे वर्षांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आमच्या गावातल्या एका जुन्या संस्थेबद्दल कुणी एवढ्या आस्थेने लिहिले, याचा आनंद आहे. लेखातली माहिती चुकीची नाही. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात फक्त मुलेच आहेत: अनाथ मुले, त्यांचे संगोपन, शिक्षण, दत्तकविधान. ती कुणाच्या तरी पोटी जन्मली होती, हे कुठेच नाही. जी संस्था मुळात बाळंतिणीसाठी निघाली, तिच्याच इतिहासातून बाळंतीण गाळली जावी, हे मनाला लागले. मी सरकारी दवाखान्यांतून परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे प्रसूती विभागात गेली. म्हणून राहवले नाही.

1875 साली लालशंकर उमियाशंकर त्रवाडी पंढरपुरात न्यायखात्यात अधिकारी होते. माणूस गुजराती, विचाराने प्रार्थना समाज या सुधारक पंथाचा. त्यांनी इथे जी संस्था काढली तिचे नाव बालकाश्रम नव्हते, बालहत्या प्रतिबंधक गृह होते. वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव तिला पुढे मिळाले. आज ते जुने नाव उच्चारायला जड वाटते, नको वाटते. पण संस्थेचे काम काय होते, ते त्या नावातच होते. मूल मारले जाऊ नये, यासाठी आधी ते जिच्या पोटात आहे तिला दाराच्या आत घेणे.

ही बाई बहुतेक वेळा विधवा असे. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, नवरा कसा होता हे आठवायच्या आत वैधव्य, मग केशवपन आणि घरातली फुकटची मोलकरीण. 1856 सालीच विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण कायदा घरात शिरायला वेळ लागतो. घरातल्या किंवा शेजारच्या कुणा पुरुषाने तिला फसवले, कधी जबरदस्ती केली, आणि दिवस गेले की त्याचे काहीच बिघडत नसे. तिच्यासमोर मात्र दोनच गोष्टी उरत: विहीर, नाहीतर तुरुंग.

आणि हे घर पंढरपुरातच का निघाले, याचे मला कधी नवल वाटले नाही. घरातून बाहेर पडायला विधवेला एकच निमित्त चालत असे, तीर्थयात्रा. वारीच्या गर्दीत एखादी आलवणातली, म्हणजे विधवेच्या लुगड्यातली, बाई मागे राहिली तर कोण मोजणार? आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. जिचे माहेरचे दार बंद झाले, तिने वारकरी ज्याला माहेर म्हणतात त्या गावी बाळंतपणाला यावे, हे मला त्या इतिहासातले सर्वांत हलवून सोडणारे वाटते. माझी आजी महाद्वारापासून जवळच राहायची. तिच्या लहानपणी अशा बायकांबद्दल घरात आवाज खाली करून बोलत, एवढे ती सांगायची. त्यापुढे विचारले की ती निवडायचे तांदूळ पुढे ओढायची.

पंढरपूरच्या आधी बारा वर्षे, 1863 साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घराच्या आवारात असेच गृह काढले होते. त्यामागची हकीकत जोतीरावांनी स्वतः 1884 च्या डिसेंबरात लिहिलेल्या टिपणात सांगितली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फशी पाडले. मूल झाले, तिने ते मारून आवारातल्या विहिरीत टाकले. खटला चालला आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवले. खटला संपताच जोतीरावांनी गृह उघडले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती माझ्या मते उघडण्याइतकीच मोठी आहे. त्यांनी छापील सूचना काढल्या आणि ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना चिकटवल्या. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ही तुमची मर्जी, असा त्यांचा आशय होता.

भिंतीवरचा कागद ही साधी गोष्ट वाटेल. पण जिला वाचता येत नाही तिच्या कानावरही तो जातो. पाणी आणताना, देवळात, जात्यावर कुणीतरी कुणाला शिव्या देत का होईना, पण सांगते. पाचव्या-सहाव्या महिन्यात रात्रभर जागी असलेल्या बाईला कळते की एक दार आहे.

त्याच टिपणात जोतीराव आकडे देतात. तोवर 35 गरोदर विधवा त्यांच्या घरी येऊन बाळंत झाल्या, त्यांची पाच मुले जगली. बाकीची तीस गेली. कारणही ते लिहितात: गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेली विषारी औषधे. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. प्रसूती विभागात काम केलेल्या बाईला त्या तीस मुलांची वजने डोळ्यांसमोर येतात. वीतभर लांबीचे, निळसर नखांचे, रडायलाही ताकद नसलेले बाळ. पस्तीस बायका त्या दारापर्यंत पोहोचल्या, पण बहुतेक उशिरा पोहोचल्या. आधी त्यांनी दिसेल ते मूळ, बी, काढा घेऊन पाहिला होता. याच वाटेने आलेला आणि 1874 च्या सुमारास फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णांसाठी उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तीसांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

पंढरपूरच्या संस्थेला पहिले वर्ष होते न होते तोच 1876 चा दुष्काळ आला आणि तो 1878 पर्यंत हटला नाही. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. आईबाप मेलेली किंवा टाकून गेलेली मुले येऊ लागली, आणि बाळंतिणींच्या घराशेजारी अनाथालय उभे राहिले. मला वाटते, आई मागे पडायला इथूनच सुरुवात झाली. दुष्काळातल्या पोरक्या मुलासाठी देणगी मागता येते. विधवेच्या बाळंतपणासाठी कुणाकडे मागणार? अशी मदत म्हणजे पापाला आसरा, असे म्हणणारे पुष्कळ होते. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तरीही दोन्ही कामे धरून ठेवली, हे त्यांचे धैर्य. लालशंकर पुढे अहमदाबादला गेले आणि 1892 मध्ये तिथेही गुजराती समाजसुधारक महिपतराम रूपराम यांच्या नावाने आश्रम काढला. पंढरपुरात ते काय शिकले, ते त्यातून दिसते.

आता माझ्या डोळ्यांदेखतचे सांगते. तीसएक वर्षे झाली असतील. एका दवाखान्यात मी रात्रपाळीला होते. एक म्हातारी आपल्या मुलीला घेऊन आली, म्हणाली, पोटात दुखतेय. बघते तो कळा सुरू झालेल्या. केसपेपर लिहिणाऱ्याने पतीचे नाव विचारले. मुलगी गप्प. म्हातारीने नाव सांगितले आणि हळूच म्हणाली, दोन वर्षांमागे वारला. त्यानंतर त्या खोलीत जे बोलले गेले ते मी इथे लिहिणार नाही. मी शिवी दिली नाही, पण कुणाला गप्पही केले नाही. तिच्या कपाळावरचा घाम पुसायला माझ्याजवळ वेळ होता, तो मी पुसला नाही. पहाटे मुलगी झाली, सव्वादोन किलोची. सकाळी सातला पाहिले तर कॉट रिकामी. बाळ जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळलेले, आणि त्याच्या दोन्ही हातांत काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या. त्या मनगट्या ती घरून घेऊन आली होती. म्हणजे येताना तिच्या मनात काय होते, याचा विचार करा. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली: निर्दयी मातेने अर्भक टाकून पळ काढला.

संपादक महाशय, हाच मथळा आजही छापला जातो. झुडपात, बसस्टँडवर, मंदिराच्या पायरीवर अर्भक सापडले की आई निर्दयी, आई वैरीण. बापाचा उल्लेख नाही. आणि त्या बातमीत जे असायला हवे ते कधीच नसते. बालन्याय कायदा 2015 प्रमाणे, ज्या पालकांना आपल्या ताब्यात नसलेल्या कारणांमुळे मूल वाढवणे शक्य नाही, त्यांना ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येते. समिती आधी समुपदेशन करते. सोपवल्यावरही फेरविचाराला साठ दिवस मिळतात, त्या मुदतीत आई मूल परत नेऊ शकते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते. हे सगळे कायद्यात आहे. पण गल्लीच्या कोपऱ्यावर कागद नाही. माझ्या नोकरीच्या काळात एकाही प्रसूती विभागाच्या भिंतीवर अशी सूचना मी पाहिली नाही. लसीकरणाचे, कुटुंब नियोजनाचे, पोलिओचे तक्ते शेकड्यांनी पाहिले.

काही बदलले आहे, तेही सांगायला हवे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आपल्या राज्यात सरकारी कागदावर आधी आईचे नाव लागते, मग वडिलांचे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईला वडिलांचे नाव न सांगता मुलाची पालक होण्याचा हक्क मान्य केला. काशीबाईच्या खटल्यानंतर दीडशे वर्षांनी का होईना.

माझी आपल्याला विनंती दोन गोष्टींची आहे. पुरवणीत कधी या संस्थेवर पुन्हा लिहाल तेव्हा तिचे पहिले नाव आणि ती ज्यांच्यासाठी निघाली त्या बायका आधी येऊ द्या. आणि अर्भक सापडल्याची बातमी छापाल तेव्हा खाली एक चौकट द्या: मूल सांभाळणे शक्य नसेल तर बालकल्याण समितीकडे कायद्याने सोपवता येते, साठ दिवसांत परत घेता येते, नाव गुप्त राहते, चाइल्ड हेल्पलाइन 1098. चौकटीत आपल्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता तेवढा घाला. आपले वर्तमानपत्र आमच्या आळीत चहाच्या टपरीवर येते, पिठाच्या गिरणीत येते, भजी बांधून बायकांच्या घरातही जाते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, पंढरपूर