सोबत एक कार्ड पाठवतेय

ती. बाबा आणि आई, सा. न.

पाकिटात एक पोस्टकार्ड आहे ते आधी बाहेर काढा. मागच्या आठवड्यात न्युरेंबर्गला ड्युरर या जुन्या जर्मन चित्रकाराचं घर बघून आले, तिथे घेतलं. आई, आधीच सांगते, चित्रात दोघांच्या अंगावर कपडे नाहीत, ते आदम आणि ईव्ह आहेत, सफरचंद खायच्या अगदी आधीचे, त्यामुळे लाज अजून आलेली नाही.

बाबा, हे खरं तर तुमच्यासाठी. ड्युररने हे १५०४ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, बाप सोनार, हात तिथेच बसलेला. प्रेसमधल्या तुमच्या जस्ताच्या ब्लॉकच्या बरोब्बर उलट काम, तुमचं उठलेलं तेवढं छापायचं, इथे शाई खोल रेघेत भरतात आणि वरचा पत्रा पुसून घेतात. ॲसिड नाही, नुसती छिन्नी. आणि आदमच्या फांदीला पाटी लटकतेय ना, त्यावर नाव-गाव-साल आहे, ते सगळं पठ्ठ्याने उलटं कोरलं असणार. तुम्ही छपाईचे खिळे उलटे वाचायचात तेच आठवलं मला.

आता खाली बघा. मांजर, आणि जवळच उंदीर, पण मांजर ढिम्म! पाप झालेलं नाही म्हणून शिकारही सुरू नाही. ससा, बैल आणि सांबरासारखा तो एल्क, असे मांजर धरून चार स्वभाव आहेत म्हणे, आपल्याकडे वात-पित्त-कफ तसे त्यांचे चार, मांजर रागीट, ससा रंगेल, बैल सुस्त, एल्क उदास. फळ खाल्लं की समतोल गेला आणि हे चौघे माणसाच्या मानगुटीवर बसले. बायबलमध्ये सफरचंद असं कुठे लिहिलेलंच नाही, नुसतं फळ आहे, पण लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट या दोन्हीला जवळपास एकच शब्द, मालुम. बाबा, कोटी आवडली ना?

मला मात्र ईव्हचा डावा हात आवडला. साप एक फळ देतोय ते तर घेतेच आहे, वर दुसरं पाठीमागे धरलंय. आई, बेसनाचे लाडू आठव, एक हातात आणि एक फ्रॉकमागे, आणि तोंडावर काही झालंच नाही असा भाव, तसंच तंतोतंत.

बाबा, मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा लावा आणि वर उजव्या कोपऱ्यात बघा, कड्याच्या टोकावर एक बारकीशी बकरी उभी आहे. दिसली तर रविवारी फोनवर सांगा, नाही दिसली तर नंबर परत तपासून घ्या.

तुमची,
छकुली