गोगलगायी वेचा, साप आणू नका

पावसाळ्यात आफ्रिकी गोगलगायींनी सोसायटीची बाग फस्त केली की ‘गोगलगाय खाणारा साप आणून सोडा’ हा सल्ला हमखास फिरतो. कृपया तसे करू नका. हे बिनविषारी पॅरिअस साप भारतात ईशान्येच्या दमट जंगलांत राहतात. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने मागे ओढत ते शंखातले मऊ शरीर बाहेर काढतात. जपानमधल्या एका जातीला उजवीकडे दात जास्त असतात, कारण बहुतेक शंख उजव्या वळणाचे! किती नेमकी जुळणी ही. पण पूर्ण वाढलेली आफ्रिकी गोगलगाय या सडपातळ सापांना झेपणारी नाही. शिवाय विनापरवाना साप पकडणे, बाळगणे गुन्हा आहे.

त्यापेक्षा संध्याकाळी ओले गोणपाट अंथरून त्याखाली पपईची पाने ठेवा. पहाटे गोगलगायी वेचून मिठाच्या दाट पाण्यात बुडवा, मग पुरा. हातमोजे हवेतच, गोगलगायींमधील कृमींमुळे मेंदूज्वर होऊ शकतो. मीठ मातीत टाकल्यास झाडे जळतात. गोगलगायी मारण्यासाठीच्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना घातक ठरतात. कुंड्यांखालची ओली मातीही उकरा; साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी तिथेच पुंजक्याने असतात.

– एक सर्पअभ्यासक, मुलुंड